कोरड्या पेटीत

लवंगीला राग आला की तिच्या उजव्या कानाची पाळी लाल व्हायची, आणि ती लाल झाली की प्रयोगशाळेतल्या माणसांना एकदम बाहेरची कामं आठवायची. नाव तिचं वेगळंच होतं. पण ही नाकावर राग घेऊनच जन्माला आली असं तिची सख्खी आईच चारचौघांत सांगे. मग बाकीच्यांनी लवंगी म्हटलं तर त्यांचा काय दोष?

त्या सकाळी मात्र ती खुशीत होती. मुलीचा ताप उतरला होता. नवऱ्याने न सांगता डबा भरून दिला होता. फाटकातून आत शिरताना समोरून एक बंद ट्रक आला, तर तिने भिंतीला चिकटून त्याला वाट दिली, वर हात हलवला. ड्रायव्हरनेही हात हलवला. ट्रकमधून काय नेलं जातंय हे माहीत असतं तर ती चाकांपुढे आडवी पडली असती.

युरेनियम म्हटलं की लोकांना बॉम्ब आठवतो. लवंगीला पाणी आठवायचं. युरेनियम, क्लोरीन आणि पाणी मिळून जी मिठं होतात, त्यांत हे पाणी नेमकं कुठे आणि कसं बसलेलं असतं, हा तिचा प्रश्न. हिरवी मिठं सोपी, पिवळी त्याहून सोपी. अवघड होतं ते लाल. काळ्या जांभळाच्या रसासारखा त्याचा रंग, आणि स्वभाव असा की हवेचा नुसता वारा लागला की हिरवं पडायचं, आणखी छळलं की पिवळं. या लाल मिठाची भुकटी जगाला ठाऊक होती. स्फटिक कुणाला मिळाला नव्हता. आणि चांगला, नितळ स्फटिक असल्याशिवाय तळघरातलं क्ष-किरणांचं मशीन काही सांगत नाही. मातीच्या ढिगाऱ्यावरून घराच्या खोल्या मोजता येत नाहीत, तसंच ते.

भुकटी जगाला दिली होती तिच्याच सरांनी. चाळीस वर्षांपूर्वी, तरुणपणी. त्यांनीच लिहून ठेवलं होतं की या संयुगात दर युरेनियममागे तीन पाणी, म्हणजे पाण्याचे तीन रेणू, असतात आणि त्याचे स्फटिक मिळत नाहीत. ते पुस्तकांत गेलं, परीक्षांत गेलं, आणि जे परीक्षेत जातं ते पुन्हा कोण तपासतो? त्या पहिल्या भुकटीतली चिमूटभर सरांनी काचेच्या नळीत भरून, नळीचं तोंड वितळवून बंद करून ठेवली होती. त्यांच्या खोलीतल्या छोट्या फ्रीजरात ती असायची. पाहुणा आला की चहाआधी नळी बाहेर. लोक नातवाचा फोटो दाखवतात तशी.

सरांचा एक नियम होता, आणि तो त्यांच्या हाताखालच्या प्रत्येकाच्या अंगात मुरला होता: नाजूक माल उघड्यावर ठेवायचा नाही, पेटीत ठेवायचा. पेटी म्हणजे काचेची मोठी बंद पेटी, समोर आत हात घालायला रबरी हातमोजे लावलेले. आत फक्त आर्गॉन वायू, हवा नाही आणि पाण्याचा अंशही नाही. पेटीत सगळं सुखरूप. घरी जाताना दिवे बंद करावेत तसं तिथे सगळे आपापल्या कुप्या पेटीत ठेवून जात.

लवंगी ठेवत नसे. दोन वर्षं पेटीत नापास झाल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला होता की या मिठाला हवा नको, पण पाणी हवंच. म्हणून तिने जाड पारदर्शक प्लास्टिकची एक पिशवी घेतली, तिला हातमोजे चिकटवले आणि हवा काढून टाकलेल्या पाण्यातून बुडबुडत येणारा ओला आर्गॉन तिच्यात सोडला. आत बर्फाचं भांडं. लोक तिला लवंगीचा फुगा म्हणून हसले. सरांना तर तो डोळ्यांपुढे नको असे. "अगं, हे काय वाढदिवस लावलाय?" म्हणायचे.

आणि त्या फुग्यात स्फटिक आले होते. आदल्या संध्याकाळी. कुपीच्या तळाशी, ज्या द्रावातून वाढले त्याच द्रावात, काळसर लाल, धार असलेले, मिठाच्या खड्याएवढे. लवंगी हातमोज्यांत हात घालून कितीतरी वेळ नुसती बघत बसली होती. तेवढ्यात घरून फोन आला की पोरीला ताप भरलाय. ती घुटमळली, तेव्हा सरच म्हणाले, "जा तू. आईनं अशा वेळी घरी असावं. उद्या तळघरात मशीन मोकळं आहे ना? मग झालं. मी आहे इथे, डोळ्यांत तेल घालून बघतो."

घाई होती म्हणूनच तिचा जीव वरखाली होत होता. सर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांच्या पश्चात संस्थेला युरेनियमची कटकट नको होती. होतं नव्हतं ते सगळं सकाळी सील होऊन ट्रकने जाणार होतं. मागे राहणार होती फक्त तिची ती एक कुपी, मशीनवर जाण्यापुरती. पुन्हा करायला माल नव्हता.

ती प्रयोगशाळेत शिरली तर फुगा टेबलावर चपटा पडलेला. आत बर्फाचं पाणी झालेलं. कुपी नाही.

"सर, माझी कुपी?"

सर पेटीपाशी उभे होते. चेहरा उतरलेला. "बस आधी," ते म्हणाले.

"कुपी कुठंय?"

"पहाटे आलो तर तुझा फुगा निम्मा खाली बसलेला. सिलिंडर संपत आला होता. हवा शिरली असती तर? म्हटलं, पोरीची दोन वर्षं आहेत यात. म्हणून उचलून पेटीत ठेवली."

"पेटीत." लवंगीचा आवाज कुठून तरी दुसरीकडून आल्यासारखा आला. "द्रावासकट?"

"ओलं काही पेटीत नेतो का आपण? वरचा द्राव ओतून टाकला. टिपून कोरडे केले. झाकण सैल ठेवलं." ते थांबले. "मग बघता बघता तडकायला लागले गं. निस्तेज झाले. मी म्हटलं, गेलं, आधीच हवा लागली असणार. ट्रकवाले खाली खोळंबले होते. खराब माल मागे ठेवायचा नाही अशी त्यांची अट. मग... त्यांच्या पिंपात दिलं सगळं."

लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेहनतीवर पाणी पडलं असं माणसं म्हणतात. इथे पाणी पडलं असतं तर बरंच झालं असतं. इथे ते ओरबाडून काढून घेतलं होतं.

"हवा नव्हती लागली," ती म्हणाली. "लागली असती तर हिरवे पडले असते. हिरवे पडले होते का?"

"नाही. मळकट तपकिरी."

"मग कशानं तडकले, सर? तुमच्या पेटीनं त्यांचं पाणी शोषलं. पाण्याच्या आधारानं उभे होते ते! मी आठ वेळा सांगितलं होतं तुम्हाला. आठ वेळा! तुम्ही हसलात. वाढदिवस म्हणालात!"

"मी तुझ्या भल्यासाठी—"

"माझ्या भल्याला हात लावायला कुणी सांगितलं होतं? एक फोन करायचा! सिलिंडर बदलायचा! शेजारी भरलेला उभा आहे, हा बघा!" तिने सिलिंडरवर पान्याने असा दणका मारला की शेजारच्या खोलीतले दोघे चहाला गेले. "तुम्हाला तो बदलता येत नाही असं थोडंच आहे. तुम्हाला फुगा बघवत नव्हता."

एवढ्या संतापातही तिच्या तोंडून 'तुम्ही'च येत होतं, आणि त्याचाही तिला राग येत होता. बाहेर जाताना तिची नजर पेटीच्या कोपऱ्यात गेली. तिची कुपी तिथेच होती, रिकामी. सरांनी भुकटी दुसऱ्या भांड्यात झटकून ती तशीच आत ठेवली होती. रिकामी म्हणजे, काचेला थोडी भुकटी चिकटून राहिलेली. डाळीच्या दाण्याएवढीही नव्हती. लवंगीने हातमोज्यांत हात घातले, कुपी उजेडात धरली आणि तशीच थांबली.

हा रंग तिने पाहिला होता. गेली बारा वर्षं, प्रत्येक पाहुण्याबरोबर, चहाआधी.

"सर," ती म्हणाली, आता आवाज खाली आला होता आणि म्हणून जास्त वाईट लागत होता. "तुमची नळी आणा."

"कशाला?"

"आणा तर."

त्यांनी आणली. पेटीच्या काचेला बाहेरून नळी, आतून कुपी, शेजारी शेजारी. एकच रंग. तोच मळका, तोच तपकिरी. सर बघत राहिले. माणूस हुशार होता. त्यांना समजवावं लागलं नाही.

लवंगीने तरी समजावलं, कारण तिला थांबता येईना. "तुम्ही वजन बदलायचं थांबेपर्यंत पेटीत वाळवलंत. मग जे उरलं त्यातलं पाणी मोजलंत. तीन. स्फटिक मिळत नाहीत म्हणून लिहिलंत. मिळणार कसे? मोडून मग मोजलेत तुम्ही! चाळीस वर्षं आम्ही सगळे पडक्या घराचा नकाशा पाठ करतोय."

"तोंड सांभाळून बोल."

"ही नळी मला द्या. पेटीनं पाणी काढलंय, पण लाल अजून मेलेलं नसेल. थंड, बिनहवेच्या पाण्यात विरघळवते. माझ्या फुग्यात. मशीन उद्यापर्यंत मागून घेते."

सरांनी नळी छातीशी धरली. शुक्रवारी त्यांचा निरोपसमारंभ होता. सभागृहाच्या दारात काचेचं कपाट बसवलं होतं, त्यात ही नळी राहणार होती. एवढ्याशा नमुन्यासाठी संचालकांनी वेगळी परवानगी आणली होती. पितळी पाटीही लागली होती: या संयुगाचा पहिला नमुना, आणि खाली सरांचं पूर्ण नाव.

"नाही," सर म्हणाले. "हे माझं आहे."

"आणि ते माझं होतं!"

तिने दार असं आपटलं की दारावरचं कॅलेंडर खाली आलं.

तळघरात मशीन चालवणारी बाई तिची मैत्रीण. सगळे तिला तळघरवाली म्हणत, कारण ऊन तिला फक्त जेवणाच्या सुट्टीत दिसायचं. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही च्च च्च केलं नाही, आणि मग म्हणाली, "रडायचं असेल तर त्या कोपऱ्यात रड. इथे डिटेक्टर आहे."

"रडत नाहीये मी."

"मग कानाला पंखा लाव. पेटलाय." तिने लवंगीचाच डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. "मशीन उद्या दुपारपर्यंत धरून ठेवते. वरच्या मजल्यावरचे दोघं रांगेत आहेत, त्यांना सांगते बिघडलंय."

लवंगीने दोन घास खाल्ले. तिसरा परत डब्यात ठेवला. तिच्या डोक्यात राहून राहून तो ट्रक येत होता. आपण हात हलवला. हसून हलवला. तिला स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि मग वाटलं, आपल्या का? आपण का?

दुपारी ती वर गेली ती फुगा गुंडाळून ठेवायला. सर तिच्या टेबलापाशी बसले होते. त्यांनी सिलिंडर बदलला होता. फुगा टम्म फुगलेला होता, आत नवा बर्फ. हातात रुमाल, रुमालात नळी.

"काकूंचा फोन आला होता," ते म्हणाले. काकू म्हणजे त्यांची बायको. "म्हणाली, पहाटेपासून पोटात काही नाही तुमच्या. मी म्हटलं, आज जेवायच्या लायकीचं काही केलं नाही." त्यांनी रुमाल पुढे केला. "फोड."

लवंगीने मान हलवली. सर उठले, आणि नळी घेऊन, चाळीस वर्षांच्या सवयीने, सरळ पेटीकडे चालायला लागले.

"सर! तिकडे नाही!"

ते दचकले. थांबले. आपल्याच पायांकडे त्यांनी असं बघितलं की इतर कुठल्याही दिवशी लवंगी पोट धरून हसली असती.

फुग्यात एका बाजूने तिचे हात, दुसऱ्या बाजूने त्यांचे. आतून प्लास्टिकवर दव धरलं होतं, नीट दिसत नव्हतं. सरांनी नळीवर कानशीने ओरखडा काढला. टक् असा आवाज झाला. भुकटी कुपीत पडली. आतून अर्धी तर हिरवट झालेलीच निघाली. लवंगीने वरून थंड, आम्ल घातलेलं पाणी सोडलं, थेंब थेंब. आधी नुसता गढूळ चिखल. मग त्या चिखलातून लाल उतरायला लागलं, हळूहळू, कुपीभर. हिरवा गाळ तिने गाळून बाजूला केला.

सर म्हणाले, "हा रंग मी तेव्हा पाहिला होता. वाळवायच्या आधी. वाटलं होतं, किती सुंदर. मग वाळवलं." त्यांनी हात बाहेर काढून पुसले. "शुक्रवारी मी सगळ्यांसमोर सांगेन. आज काय झालं ते, आणि चाळीस वर्षांपूर्वी काय झालं तेही. तुला काही बोलावं लागणार नाही, हा माझा शब्द."

तिने शब्द मागितला नव्हता. त्यांनी आपणहून दिला. आणि लवंगीचा राग, जो ती जपून ठेवणार होती, तो तिच्या मनाविरुद्ध निवायला लागला. रात्री नवऱ्याला ती म्हणाली, "माणूस मोठा आहे रे." तो म्हणाला, "सकाळी तर तू त्याला पिंपात घालणार होतीस." "गप्प बस," ती म्हणाली.

सकाळी कुपीत तीन स्फटिक होते. दोन जुळे, एकमेकांत घुसलेले, बिनकामाचे. तिसरा एकटा, नितळ. तळघरवालीने तो तेलाच्या थेंबात, धाग्याच्या इवल्याशा फासावर उचलला आणि थंड वायूच्या झोतात बसवला. दोघी श्वास धरून पडद्यापुढे. दुपारी चित्र उभं राहिलं. दोन युरेनियम, मधे दोन क्लोरीननी एकमेकांना धरलेले, आणि प्रत्येकाभोवती पाणी. तळघरवालीने बोटाने मोजलं. मग लवंगीने मोजलं. सात.

"तीन म्हणे," तळघरवाली म्हणाली.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. काकू पहिल्या रांगेत, नव्या साडीत. दारातलं काचेचं कपाट रिकामं होतं, पाटी चकचकीत. लवंगी मागे भिंतीला टेकून उभी होती. तिने कितीतरी वर्षांनी इस्त्री केलेला कुडता घातला होता. सांगून टाकतील, मग टाळ्या वाजवू, असं तिच्या मनात होतं. पहिली टाळी आपली असायला हवी, असंसुद्धा.

संचालक बोलायला उभे राहिले. ते कपाट रिकामं का आहे, असं तुम्हाला वाटलं असेल, ते म्हणाले. या थोर माणसाने आपल्या आयुष्यभराची ठेव, तो पहिला नमुना, आपल्या विद्यार्थिनीला स्फटिक मिळावा म्हणून स्वतःच्या हाताने फोडला. तिचा प्रयोग फसला होता, निराश झाली होती ती; अशा वेळी गुरू काय करतो, ते यांनी दाखवलं. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. काकूंनी पदराने डोळे पुसले.

तिचा प्रयोग फसला होता. लवंगीने ते शब्द कानांनी ऐकले. तिने सरांकडे पाहिलं. सर उठले, माईकपाशी आले. त्यांचे ओठ हलले, थांबले. समोर टाळ्या, हार, भरलेले डोळे. त्यांनी हात जोडले.

"विज्ञानासाठी एवढं करायलाच हवं," ते म्हणाले. "दुसरं काय." आणि खाली बसले.

तळघरवालीने लवंगीचा दंड धरला. "कान," ती हळूच म्हणाली.

"असू दे." लवंगी दंड सोडवून बाहेर पडली. लोकांना वाटलं भरून आलं असेल पोरीला. ती जिन्याने वर गेली, पेटीत हात घातले, आपली ती कुपी घेतली, झाकण आवळून वर मेण ओतलं, आणि परत आली तेव्हा सर दारात कपाटापाशी फोटोसाठी उभे होते, संचालक एका बाजूला, काकू एका बाजूला.

लवंगीने कपाटाची काच सरकवली आणि कुपी पाटीच्या वर, मधोमध ठेवली. काचेला चिकटलेली ती चिमूट उजेडात स्पष्ट दिसत होती.

"अगं, हे काय?" संचालकांनी कौतुकाने विचारलं.

"नमुना. कपाट रिकामं बरं दिसत नाही."

सर वाकून बघत होते. त्यांनी तो रंग ओळखला. "हे तुझे आहेत," ते पुटपुटले. "तुझे स्फटिक होते हे."

"होते," लवंगी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "आता तुमचंच संयुग आहे. तुम्हीच केलंत, तुमच्याच पेटीत, तुमच्याच पद्धतीनं. तीन पाणी. पाटी अगदी बरोबर आहे, सर."

"वा!" संचालक म्हणाले. "म्हणजे शिष्येनं ठेव परत केली!" आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. बघता बघता सगळ्यांनी धरल्या. तळघरवाली तेवढी हाताची घडी घालून उभी होती.

सरांनी सवयीने हात जोडायला उचलले, आणि अर्ध्यावरच खाली घेतले.